उल्का पाहणे आणि उल्का ऐकणे

१९४१ साली बंगळूरहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘इलेक्ट्रोटेक्निक्स’ या नियतकालिकात चमनलाल आणि वेंकटरामन या दोन अभियंत्यांचा एक लेख छापून आला. लेखाचा विषय होता शिट्टी वाजवणाऱ्या उल्का. दोघेही ऑल इंडिया रेडिओच्या सेवेत होते. लघुलहरींवरील प्रक्षेपण ऐकताना मधूनच एक क्षीण शिट्टी उमटते, तिचा स्वर वरून खाली घसरत जातो आणि क्षणार्धात ती विरून जाते. एरवी अशा आवाजाकडे यंत्राची खरखर म्हणून दुर्लक्ष झाले असते. या दोघांनी मात्र त्याचे कारण शोधले आणि ते सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, आयनांबरात शिरणाऱ्या उल्कांमध्ये सापडल्याचे दाखवून दिले. महायुद्धाच्या धामधुमीत हा लेख फारसा दूरवर पोहोचला नाही. तरी उल्काविज्ञानाच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

उल्का रात्री डोळ्यांनी पाहायची वस्तू आहे, ही आपली समजूत फार जुनी. ती ऐकताही येते, आणि ढगांच्या आडून, भर दुपारीसुद्धा ऐकता येते, हे अजूनही अनेक विज्ञानशिक्षकांना नवे वाटते. दरम्यानच्या काळात दुसरे एक साधन आले. अंधारात पाहू शकणारा छोटा चलचित्र कॅमेरा रात्रभर गच्चीवर जागत उल्का टिपू लागला. आज ही दोन्ही साधने एखाद्या महाविद्यालयाच्या, किंबहुना उत्साही माध्यमिक शाळेच्या आवाक्यात आहेत. त्यांचे काम कसे चालते, प्रत्येकाच्या हाती काय लागते आणि काय निसटते, हे समजून घेतले तर आपल्यासारख्या मोसमी पावसाच्या देशात दोन्हींची जोडी का आवश्यक आहे ते ध्यानात येईल.

शिट्टीचे कोडे

आकाशातून ‘तारा तुटला’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात वाळूच्या कणाएवढा, फार तर खड्याएवढा एक पिंड पृथ्वीच्या वातावरणात घुसलेला असतो. त्याचा वेग सेकंदाला किमान ११ आणि कमाल सुमारे ७२ किलोमीटर असतो. या वेगाने हवेच्या रेणूंवर आदळताना तो तापतो, त्याचे बाष्प होते आणि १२० ते ८० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात तो बहुधा संपून जातो. आपल्याला दिसते ती या धडकेतून निघालेली दीप्ती. पण त्याच धडकेत अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि पिंडाच्या मागे विद्युतभारित वायूचा एक लांबलचक, बारीक दोरा तयार होतो. हा दोरा रेडिओ लहरी परतवतो.

उल्कांचा रेडिओ लहरींच्या प्रवासाशी काही संबंध असावा, असा तर्क जपानचे हांतारो नागाओका यांनी १९२९ मध्ये मांडला होता. कोलकात्यात शिशिरकुमार मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही १९३०च्या दशकात उल्कावर्षावाच्या काळात आयनांबरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास केला. म्हणजे १९४१ पर्यंत आपल्याकडे या विषयाची जमीन थोडीफार नांगरलेली होती. चमनलाल–वेंकटरामन यांचे वेगळेपण हे की, एकेका उल्केचा आवाज त्यांनी ओळखला आणि त्याचे कारण डॉप्लर परिणामात शोधले.

ते कारण असे. जवळच्या प्रक्षेपकाची लहर रेडिओ संचाकडे सरळ येते. तीच लहर उल्केवर आपटून परत येते तेव्हा, उल्का आपल्या दिशेने धावत असल्यामुळे, तिची कंप्रता म्हणजेच फ्रिक्वेन्सी किंचित वाढलेली असते. दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या कंप्रतांमधील फरकाइतका स्वर ऐकू येतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, की स्वरात एक हेलकावा येतो. तसलाच हा प्रकार, मात्र कितीतरी पट वेगवान. उदाहरणादाखल १५ मेगाहर्ट्झची लहर घेऊ. सेकंदाला ४० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या उल्केमुळे परतलेल्या लहरीत सुमारे ४,००० हर्ट्झचा फरक पडतो. हा कानाला स्पष्ट कळणारा, चांगला तीव्र स्वर आहे. उल्का आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात येत जाते तसतसा आपल्या दिशेने असलेला तिच्या वेगाचा भाग कमी होतो, फरक शून्याकडे सरकतो आणि शिट्टी वरच्या पट्टीतून खाली उतरत लोपते. स्वर किती वेगाने घसरला हे मोजले तर उल्केचा वेग काढता येतो. हे पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९४६ पासून करून दाखवले.

युद्धात दुसरीकडेही असेच घडत होते. जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणांचा मागोवा घेणाऱ्या ब्रिटिश लष्कराच्या रडारवर अग्निबाण नसतानाही प्रतिध्वनी उमटत. जे. एस. हे आणि जी. एस. स्टुअर्ट यांनी त्यांचा संबंध उल्कांशी जोडला. बर्नार्ड लव्हेल यांनी लष्कराची जुनी रडार सामग्री घेऊन जोड्रेल बँक येथे काम सुरू केले. ऑक्टोबर १९४६ मधील कालेय उल्कावर्षाव त्यांनी रडारवर मोजला आणि १९४७ च्या उन्हाळ्यात तर असे उल्काप्रवाह सापडले, की जे केवळ दिवसा येत असल्याने मनुष्याच्या डोळ्याला कधी दिसलेच नव्हते. ज्या शास्त्राची एक पहिली नोंद बंगळूरच्या नियतकालिकात छापली गेली, ते वाढले मात्र इंग्लंड-अमेरिकेत. याबद्दल हळहळण्यापेक्षा त्या तंत्रातील सोपेपणा आज आपल्या उपयोगी पडतो का, हे पाहणे अधिक हिताचे.

दूरच्या केंद्राचा अर्धा शब्द

रडारला स्वतःचा प्रक्षेपक लागतो आणि त्यासाठी परवाना, वीज व पैसा लागतो. हौशी निरीक्षकांनी यावर तोडगा काढला. प्रक्षेपण दुसऱ्या कोणाचे तरी असावे, आपण केवळ ऐकावे. एखादे एफएम केंद्र आपल्यापासून ५०० ते २,००० किलोमीटर दूर असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे एरवी त्याच्या लहरी आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. पण दोघांच्या मधल्या आकाशात उल्केचा दोरा योग्य कोनात तयार झाला, तर तो क्षणभर आरशासारखे काम करतो. रिकाम्या कंप्रतेवर लावलेल्या संचातून एकाएकी गाण्याची एक लकेर किंवा निवेदकाचा अर्धा शब्द उमटतो आणि पुन्हा फक्त खरखर उरते. तो अर्धा शब्द ही एका उल्केची सही असते.

बंगळुरूच्या संदर्भात याची भूमिती मांडून पाहू. मुंबई येथून सरळ रेषेत सुमारे ८४० किलोमीटर आहे. या रेषेचा मध्य मुधोळ–बागलकोटच्या परिसरावर येतो. म्हणजे मुंबईचे केंद्र बंगळुरूला ऐकवणारी उल्का सर्वसाधारणपणे कृष्णा-घटप्रभेच्या खोऱ्यावर, ९५ किलोमीटर उंचीवर जळत असते. बंगळुरूहून पाहता ही जागा वायव्येला, क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश वर आहे. अँटेनाचे तोंड तिकडे हवे. डोक्यावरच्या आकाशाकडे अँटेना रोखून उल्कांची वाट पाहणाऱ्याची निराशा होते ती यामुळेच. याच हिशेबाने दोन ठिकाणांमधील कमाल अंतर सुमारे २,२०० किलोमीटर भरते. त्यापलीकडे दोघांनाही क्षितिजावर दिसणारी अशी उल्का असूच शकत नाही.

सामग्री फारशी नाही. संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारा, मुळात दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेला छोटा संच आता सॉफ्टवेअरच्या साहाय्याने रेडिओ म्हणून वापरता येतो आणि काही हजार रुपयांत मिळतो. अँटेना घरी करता येतो. १०० मेगाहर्ट्झसाठी अर्धलहरी द्विध्रुवाची लांबी सुमारे १ मीटर ४३ सेंटिमीटर. ॲल्युमिनियमच्या नळ्यांनी शाळेच्या कार्यशाळेत तो तासाभरात उभा राहतो. दिशा नेमकी हवी असेल तर त्याला आणखी दोन-तीन नळ्यांची जोड देऊन जुन्या दूरदर्शनच्या गच्चीवरील सांगाड्यासारखा यागी अँटेना करावा. कंप्रता आणि काळ यांचा आलेख काढणारी, म्हणजे आवाज डोळ्यांना दाखवणारी सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहेत.

खरी अडचण सामग्रीची नसून जागेची आहे. बंगळुरूत आकाशवाणीचे १०१.३ आणि १०२.९, खासगी क्षेत्रातले ९१.१ आणि इतर अनेक केंद्रे एफएमच्या पट्ट्यात दाटीने बसली आहेत. जवळच्या बलवान केंद्राच्या शेजारी कान लावला तर दूरचे क्षीण केंद्र बुडून जाते. त्यामुळे शहरात रिकामी कंप्रता शोधण्यातच आठवडा जाऊ शकतो. तालुक्याच्या गावात हेच काम एका संध्याकाळी होते. देशातील कितीतरी केंद्रे एकाच कंप्रतेवर असल्याने ऐकू आलेला आवाज मुंबईचा की आणखी कोठला, हे पुष्कळदा समजत नाही. केवळ संख्या मोजायची असेल तर त्याने बिघडत नाही. उल्केचे स्थान हवे असेल तर मात्र बिघडते.

येथे एक खंत नोंदवावी लागेल. उल्केच्या क्षीण दोऱ्यावरून परतणारा प्रतिध्वनी किती काळ टिकेल हे तरंगलांबीच्या वर्गावर अवलंबून असते; तरंगलांबी दुप्पट तर काळ चौपट. १०० मेगाहर्ट्झवर जो प्रतिध्वनी डोळ्याचे पाते लवण्याआधी विरतो, तोच ५० मेगाहर्ट्झच्या आसपास सहज पकडता येतो. दूरदर्शनचे ४८ ते ६२ मेगाहर्ट्झवरील जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक या कामासाठी उत्तम होते. २०२१-२२ च्या सुमारास, मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास प्रक्षेपक वगळता, दूरदर्शनने ते बंद केले. काळाच्या ओघात हे अपरिहार्यच होते. पण त्यामुळे उल्का ऐकणाऱ्याच्या हाती मुख्यतः एफएम उरले, आणि एफएमवर प्रामुख्याने मोठ्या उल्काच हजेरी लावतात. मोठ्या उल्केच्या दोऱ्यात इलेक्ट्रॉनांची दाटी इतकी असते, की तो धातूच्या तारेसारखा वागतो आणि प्रतिध्वनी काही सेकंद, क्वचित त्याहूनही अधिक काळ टिकतो.

ऐकू आलेला प्रत्येक आवाज उल्केचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. विमाने लहरी परतवतात. बंगळुरूसारख्या गजबजलेल्या विमानतळाच्या शहरात तर नित्यच. पण विमानाचा आवाज सावकाश चढतो, थरथरतो, रेंगाळतो. वीज कडाडली की सर्वच कंप्रतांवर एकदम कडकडाट होतो. उन्हाळ्यात आयनांबरात कधीकधी दाट थर जमतो आणि दूरचे केंद्र चक्क अर्धा तास स्पष्ट ऐकू येते. त्या वेळची मोजणी सरळ बाजूला ठेवावी. आवाज दाखवणाऱ्या आलेखावर हे सारे निरनिराळे दिसते आणि पंधरा दिवसांच्या सरावाने विद्यार्थी ते बिनचूक ओळखू लागतात.

पहाटेची गर्दी

कोणताही विशेष वर्षाव नसताना आठवडाभर ताशी मोजणी केली तर एक सुंदर गोष्ट समोर येते. संध्याकाळी सहाच्या सुमारास आकडे सर्वांत कमी असतात, मध्यरात्रीनंतर चढू लागतात आणि पहाटे सहाच्या आसपास कळसाला पोहोचतात. सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या पृथ्वीची पुढची बाजू म्हणजे पहाटेची बाजू. पावसात धावणाऱ्या गाडीच्या समोरच्या काचेवर अधिक थेंब पडतात, मागच्या काचेवर कमी. तेच येथे घडते. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्याच वहीतल्या आकड्यांत तिची पुढची बाजू ओळखणे वेगळे. माझ्या मते शाळेत आधी रेडिओ यावा, कॅमेरा नंतर. कारण रेडिओतून पहिल्याच आठवड्यात निष्कर्ष काढण्याजोगे काही हाती लागते.

मात्र रेडिओच्या मोजणीला एक मोठी मर्यादा आहे. उल्का झाली एवढे तो सांगतो; ती कोणत्या दिशेने आली, कोणत्या प्रवाहातली, हे एकटा संच सांगू शकत नाही. वर्षावाच्या दिवशीचे आकडे मोजून त्यातून नेहमीच्या दिवसांचे त्याच तासाचे आकडे वजा करावे लागतात. म्हणून वर्षावाच्या एका रात्रीपुरती हौसेने केलेली नोंद शास्त्राला निरुपयोगी असते. आधीचे आणि नंतरचे कंटाळवाणे पंधरा-पंधरा दिवस हीच खरी कमाई.

कॅमेऱ्याची नजर

दिशेचे उत्तर कॅमेरा देतो. छायाचित्रणाने उल्का टिपण्याची परंपरा जुनी आहे. १९५९ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात प्रिब्राम येथे पडलेल्या अशनीचा मार्ग दोन ठिकाणांहून काढलेल्या छायाचित्रांवरून निश्चित झाला आणि जमिनीवर सापडलेल्या दगडाची सूर्याभोवतीची कक्षा प्रथमच छायाचित्रांच्या आधारे काढता आली. पण फिल्मवर केवळ तेजस्वी उल्काच उमटत. पुढे संवेदनक्षम चलचित्र कॅमेरे आले, आणि गेल्या काही वर्षांत सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी तयार झालेल्या सीमॉस संवेदकांनी चित्र पालटले. दुकानाच्या दारावर रात्री पहारा करणारा संवेदक रुंद छिद्राच्या चार मिलिमीटर भिंगासह आकाशाकडे रोखला, आणि त्याला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जोडला, की उल्का-वेधशाळा तयार होते.

असा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेतो. सेकंदाला ४० किलोमीटर वेगाची उल्का दोन चित्रांच्या मध्ये १.६ किलोमीटर सरकते. उल्का शंभर किलोमीटर दूर असेल तर आकाशात हे अंतर जवळजवळ एक अंश, आणि कॅमेऱ्याच्या चित्रात बारा-पंधरा ठिपक्यांएवढे भरते. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राची मागच्या चित्रांशी तुलना करते, सरळ रेषेत सरकणारा उजेड शोधते आणि तेवढाच तुकडा राखून ठेवते. पार्श्वभूमीवरील तारे मोजपट्टीचे काम करतात. त्यांची स्थाने तारकासूचीतून ठाऊक असल्याने उल्केचा प्रत्येक क्षणीचा बिंदू आकाशात अचूक मांडता येतो. ‘ग्लोबल मीटिऑर नेटवर्क’ हे स्वयंसेवकांचे जाळे याच पद्धतीने उभे राहिले. २०२१ मध्ये त्याच्या पहिल्या मोठ्या अहवालात २३ देशांतील साडेचारशेहून अधिक कॅमेऱ्यांची आणि डिसेंबर २०१८ पासून मिळवलेल्या दोन लाख वीस हजारांवर उल्काकक्षांची नोंद होती. हे काम मोठ्या दुर्बिणींनी झालेले नाही, घरांच्या छपरांवरून झाले आहे.

परंतु एका कॅमेऱ्याला अंतर कळत नाही. डोळ्यासमोर बोट धरून एकेक डोळा मिटला की बोट सरकल्यासारखे दिसते, त्याच तत्त्वावर दोन ठिकाणचे कॅमेरे एकाच उल्केचे अंतर ठरवतात. बंगळुरूजवळ यासाठी फार सोयीची जागा आहे. गौरीबिदनूर येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि रामन संशोधन संस्था यांची रेडिओ वेधशाळा १९७० च्या दशकापासून आहे. शहराच्या विद्युत-कोलाहलापासून दूर म्हणूनच ती तेथे उभारली गेली. बंगळुरूपासून हे ठिकाण सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. बंगळुरूच्या अगदी डोक्यावर ९५ किलोमीटर उंचीवर चमकलेली उल्का गौरीबिदनूरहून शिरोबिंदूपासून सुमारे ३७ अंश दक्षिणेकडे झुकलेली दिसेल. इतका मोठा फरक साध्या कॅमेऱ्यालाही मोजता येतो. त्यावरून उंची, उंचीवरून वेग, वेग आणि दिशा यांवरून सूर्याभोवतीची कक्षा, असा हिशेब उलगडत जातो. आपल्याकडे मुंबई आणि पुणे यांमधील सुमारे १२० किलोमीटरचे अंतरही याला साजेसे आहे. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्था येथे आहेत, त्यामुळे माणसांची वानवा नाही.

शहराचा उजेड हा कॅमेऱ्याचा शत्रू. पांढऱ्या एलईडी दिव्यांनी बंगळुरूचे आकाश इतके उजळले आहे, की मंद उल्का त्यात विरघळतात. तरीही शहरातून तेजस्वी उल्का टिपता येतात. कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात दिवा येणार नाही, त्यावर पावसाचे पाणी साचणार नाही आणि दुपारचा सूर्य थेट भिंगात उतरणार नाही, एवढी काळजी घ्यावी लागते. यातली शेवटची अट आपल्या अक्षांशावर सहज विसरली जाते; सूर्य येथे वर्षातून दोनदा अगदी डोक्यावरून जातो.

ढग आणि उजेड यांच्या पलीकडे

आपल्या देशात या दोन साधनांची जोडी का हवी, याचे उत्तर पंचांगात आहे. युरोपात ज्याची वर्षभर वाट पाहतात तो ययाती तारकासमूहातील वर्षाव १२-१३ ऑगस्टला येतो. त्या रात्री महाराष्ट्र आणि कर्नाटक ढगांखाली असतात. मेष राशीतून येणारा, जूनच्या पहिल्या आठवड्यात ऐन भरात असणारा वर्षाव तर दोनदा झाकलेला: त्याचा उद्गमबिंदू सूर्याजवळ असल्याने तो दिवसा येतो, आणि नेमका त्याच दिवसांत मोसमी पाऊस कर्नाटक-महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर असतो. हे दोन्ही वर्षाव भारतातून फक्त ऐकता येतात. कॅमेऱ्याची सुगी थंडीत. १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतील वर्षाव फेथॉन या लघुग्रहाच्या धुळीतून येतो आणि त्या सुमारास दख्खनचे आकाश बहुधा निरभ्र असते. मेच्या पहिल्या आठवड्यात कुंभेतून येणारा, हॅलेच्या धूमकेतूचा वर्षाव आपल्या अक्षांशावरून युरोपपेक्षा अधिक चांगला दिसतो. पूर्वमोसमी ढगांनी साथ दिली तर.

दिवसाचा प्रश्न केवळ वर्षावांचा नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी सकाळी, बंगळुरूपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, तामिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यातील सुळगिरी परिसरात अशनी पडले. जमा झालेल्या तुकड्यांचे वजन शंभर किलोच्या वर होते. अशा पिंडाचा वातावरणातील मार्ग नेमका ठाऊक असेल तर दोन गोष्टी साधतात: उरलेले तुकडे कोणत्या शेतांत शोधायचे ते कळते, आणि दगड सूर्यमालेच्या कोणत्या भागातून आला ते सांगता येते. भर सकाळी ताऱ्यांसाठी लावलेला कॅमेरा आंधळा असतो. पण रेडिओवर मोठ्या पिंडाचा प्रतिध्वनी सकाळीही उमटतो, आणि निदान क्षण तरी सेकंदापर्यंत पक्का होतो. गुजरातेतील सुरेंद्रनगर जिल्ह्यात २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेल्या धजाळा अशनीची कक्षा शास्त्रज्ञांना प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यावरून काढावी लागली होती. ते काम कौतुकास्पदच. पण घाबरलेल्या माणसाला दिशा आणि कोन किती अचूक आठवणार, याला सीमा असते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक परिचयाचे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून खानदेशापर्यंत आणि मध्य प्रदेशातही लोकांनी आकाशातून सावकाश सरकणारा, तुकडे होत जाणारा अग्निगोल पाहिला. उल्कापात, विमान अपघात, इतकेच काय क्षेपणास्त्र, अशा वावड्या उठल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले, परिसरात धातूचे गोळे सापडले. तो चीनच्या चँगझेंग-३बी अग्निबाणाचा, पृथ्वीच्या कक्षेत राहिलेला टप्पा असल्याचे अभ्यासकांनी दाखवले. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पृथ्वीच्या कक्षेतून परतणारी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने येते आणि तिचा प्रवास मिनिटभर दिसत राहतो. खऱ्या उल्केला अकरा किलोमीटरपेक्षा कमी वेग असूच शकत नाही आणि बहुधा काही सेकंदांत तिचा खेळ आटोपतो. दोन गावांत दोन कॅमेरे असते तर वेग त्याच रात्री कळला असता आणि गावकऱ्यांना ‘पडलेल्या धातूला हात लावू नका’ हे वेळेवर, कारणासह सांगता आले असते.

अंतराळातील वाहतूक वाढत आहे, तसा हा प्रश्नही वाढणार. अवकाशातील वस्तूंवर लक्ष ठेवण्यासाठी इस्रोने डिसेंबर २०२० मध्ये बंगळुरूत स्वतंत्र नियंत्रण केंद्र सुरू केले. उल्काकणांचा धोका उपग्रहांनाही असतो. युरोपीय अवकाश संस्थेचा ऑलिंपस उपग्रह ऑगस्ट १९९३ मध्ये ययाती वर्षावाच्या रात्री भरकटला, आणि त्यामागे उल्काकणाचा आघात असावा असे मानले जाते. ज्या शहरात उपग्रह बांधले जातात तेथील विद्यार्थ्यांनी उल्कांची नोंद ठेवणे ही नुसती हौस म्हणता येणार नाही.

व्यावसायिक स्तरावर उल्कांचा उपयोग आणखी एका कामी होतो. उल्केचा दोरा वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्याचा प्रतिध्वनी किती सरकला हे मोजले, की ८० ते १०० किलोमीटर उंचीवरील वारा कळतो. तेथे फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह टिकत नाहीत. थुंबा येथे २००४ पासून ३५.२५ मेगाहर्ट्झवरील रडारने हे काम केले. तिरुपतीजवळ गदंकी येथील ५३ मेगाहर्ट्झच्या मोठ्या रडारनेही उल्कांचे वेध घेतले आहेत. घरगुती संचातून वारा मोजता येणार नाही. पण थुंबाचे शास्त्रज्ञ काय मोजतात हे तो संच हाताळलेल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही.

नोंद कशी ठेवावी

कॅमेरा आणि रेडिओ एकाच घड्याळाने चालले पाहिजेत. दोघांत पाच सेकंदांचा फरक पडला तरी ‘हीच ती उल्का’ असे म्हणता येत नाही. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून सतत जुळवत ठेवावे आणि नोंद जागतिक वेळेत करावी. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. अर्ध्या तासाच्या या शेपटीमुळे ताशी आकडे इतर देशांच्या आकड्यांशी जुळवताना गोंधळ होतो, म्हणून हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. वहीत तारीख, तास, प्रतिध्वनींची संख्या, त्यांतील एक सेकंदाहून लांब किती, कंप्रता, अँटेनाची दिशा आणि संच बंद राहिला असल्यास किती मिनिटे, एवढे स्तंभ पुरेत. शेवटचा स्तंभ बहुतेकांकडून वगळला जातो. वीज गेली म्हणून चाळीस मिनिटे संच बंद होता, हे लिहिले नसेल तर त्या तासाचे कमी आकडे पुढे कोणालाही उल्कांची घट वाटतील.

नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरुवात केल्यास मिथुन वर्षावाच्या आधीचा पायाभूत महिना हाती लागतो. १३ डिसेंबरच्या रात्री दोन्ही साधने चालू ठेवावीत. कॅमेऱ्यात मिथुनेच्या दिशेने येणाऱ्या उल्का वेगळ्या काढाव्यात आणि त्या क्षणी रेडिओवर काही उमटले का, ते पाहावे. बहुतेक वेळा काही उमटलेले नसेल, कारण कॅमेरा डोक्यावरचे आकाश पाहतो आणि रेडिओ मुधोळचे. जोडी जमवायची असेल तर कॅमेरा वायव्येच्या क्षितिजाकडे थोडा खाली झुकवावा लागेल.